एल अनात्सुई, दारूच्या बाटल्यांची बुचं आणि तुमची शाळेतली नोकरी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, झालंय, शाळेत चित्रकला शिकवता, रविवारी आणि सुट्टीत पत्र्याचे डबे, सायकलच्या चेनी, जुनी कुलपं असलं भंगार आणून त्याची शिल्पं करता. आता कुणीतरी तुम्हाला घानाच्या एल अनात्सुई या शिल्पकाराच्या कामाचे फोटो दाखवले आणि तुमच्या मनात आलं की हा माणूस दारूच्या बाटल्यांच्या बुचांवर जगात एवढा मोठा झाला, मग आपणही नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरावं का, आणि मुळात त्याचं करिअर घडलं कसं.

मी तेवीस वर्षं भंगारात काम करतोय, भोसरीत माझी शेड आहे, आजूबाजूला सगळी वर्कशॉपं त्यामुळे माल दारातच मिळतो. अनात्सुईचं काम मी प्रत्यक्ष एकदाच बघितलंय, लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या आफ्रिकेच्या दालनात. लांबून बघितलं तर भिंतीवर एखादं जरीचं भारी वस्त्र सैलसर टाकलंय असं वाटतं, लाल, सोनेरी, काळं, मधेच घडी पडलेली. मग जवळ गेलो, अगदी हातभर अंतरावर, तर प्रत्येक चौकोनावर दारूच्या ब्रँडची अर्धी तुटलेली अक्षरं आणि चारही कोपऱ्यांना तांब्याच्या तारेचे पिळे. मी अर्धा तास तिथेच उभा होतो आणि त्यातला निम्मा वेळ फक्त ते पिळेच बघत होतो. तर त्या पिळ्यांपासून मला जे कळलंय तेच तुम्हाला सांगतो, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे बुचं त्याला सापडली तेव्हा तो चौपन्न-पंचावन्न वर्षांचा होता. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण फोटो बघणाऱ्याला वाटतं की एक आयडिया सुचली आणि नशीब उघडलं. तसं काही नाहीये, त्याआधी सलग तीस वर्षं तो हात तयार करत होता.

जन्म १९४४चा, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधलं आन्याको नावाचं गाव, केटाच्या खाजणाकाठी. वडिलांच्या ३२ मुलांमधला हा शेवटचा. वडील मासेमारी करायचे आणि केंटे विणायचे, भाऊही विणकर. केंटे म्हणजे तिकडचं मानाचं वस्त्र, ते आपल्या पैठणीसारखं एकसंध विणत नाहीत, वीतभरापेक्षाही अरुंद लांब पट्ट्या विणतात आणि मग त्या कडेला कड लावून शिवतात, तेव्हा कुठे अख्खं वस्त्र होतं. ही पट्ट्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणारे. आई लहानपणीच गेली, मग त्याला मामाकाकांपैकी एका नातेवाइकाने वाढवलं, ते प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मगुरू होते, म्हणजे तो मिशनच्या घरात वाढला आणि घरचं विणकाम काही तो शिकला नाही. भाऊ मागावर बसले आणि हा शाळेत गेला. तो तेरा वर्षांचा होता तेव्हा १९५७ला घाना स्वतंत्र झाला.

मग कुमासीच्या युनिव्हर्सिटीत शिल्पकलेची पदवी, १९६८ साली, आणि वर्षभराने कलाशिक्षणाचा डिप्लोमा. होय, म्हणजे तुमच्या एटीडीसारखाच, तोही मुलांना शिकवायच्या तयारीनेच बाहेर पडला. कॉलेजातला अभ्यासक्रम सगळा इंग्रजी वळणाचा, युरोपातल्या मूर्ती, प्लास्टर, तिथली तंत्रं. आपल्याकडे मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये पूर्वी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून ड्रॉइंग करून घ्यायचे तसलाच प्रकार. त्याला यात काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं आणि तो कुमासीच्याच सांस्कृतिक केंद्रात जाऊन बसायला लागला, तिथे ढोलवाले, विणकर, कुंभार, आडिंक्राचे ठसे मारून कापड छापणारे असे सगळे कारागीर काम करत असायचे. आडिंक्रा म्हणजे तिकडच्या अकान लोकांची चिन्हं, प्रत्येक चिन्हामागे एक अर्थ, एक म्हण. पोरगं जन्मलं विणकराच्या घरात आणि आपल्या देशातली कला बघायला त्याला पदवी घेता घेता दुसऱ्या दारातून जावं लागलं. मला स्वतःला हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा वाटतो, पुढे व्हेनिसला मिळालेल्या मोठ्या बक्षिसापेक्षाही.

तिथून विनेबा नावाच्या गावात शिक्षकांच्या कॉलेजात नोकरी लागली, आणि तिथे त्याने पहिलं आपलं असं काम केलं. बाजारात बायका मासे-भाजी मांडून बसतात त्या लाकडी गोल ताटल्या, तशा ताटल्या घेऊन तापलेल्या लोखंडी सळईने त्यावर आडिंक्रासारख्या खुणा डागायच्या आणि भिंतीवर लावायच्या. बघा, संगमरवर मागवला नाही की ब्राँझ ओतायला गेला नाही, बाजारात डोळ्यासमोर जे रोज दिसतं ते उचललं. आज आपण रिसायकल वगैरे शब्द वापरतो, त्याच्या डोक्यात तेव्हा तसलं काही नव्हतं. जी वस्तू लोकांच्या हातातून गेलीये तिच्यात त्या हातांचं काहीतरी उरतं असं तो मानतो, मुलाखतींमधून तो हे पुन्हा पुन्हा सांगत आलाय.

१९७५ला तो नायजेरियातल्या न्सुक्काच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला गेला. बियाफ्राचं, म्हणजे नायजेरियातलं यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती आणि न्सुक्का त्या युद्धात होरपळलेलं गाव, युनिव्हर्सिटी पुन्हा उभी राहत होती. तिथे चित्रकार उचे ओकेके आणि त्यांचे सहकारी तिथल्या इग्बो समाजातल्या बायका अंगावर आणि भिंतींवर काढतात त्या उली रेषांमधून नवी चित्रकला घडवत होते, म्हणजे आपल्याच अंगणातलं घ्यायचं असं मानणारी मंडळी त्याला तिथे भेटली. परका माणूस, भाषा वेगळी, आणि तिथे तो २०११ पर्यंत शिकवत राहिला. छत्तीस वर्षं.

न्सुक्कात आल्यावर त्याने मातीत काम सुरू केलं, फुटक्या मडक्यांची मालिका, १९७९ला तिथल्या एनुगू शहरात प्रदर्शन झालं. फुटके तुकडे घ्यायचे, जोडायचे आणि पुन्हा मडकं करायचं, पण असं मडकं की जे फुटलेलंच दिसेल, सांधे लपवायचे नाहीत. तिकडे मडकं फुटलं म्हणून कुणी टाकून देत नाही, तुकड्यात विस्तव नेतात, कोंबड्यांना दाणे-पाणी ठेवतात, देवाच्या जागी ठेवतात. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, ती शेजारच्या घरातून खापरावर निखारे आणायची. खापर हा शब्दच बघा ना, मडकं फुटल्यावरही त्या तुकड्याला आपल्याकडे स्वतःचं नाव आहे, म्हणजे ती वस्तू संपलेली नाहीये, तिचं काम बदललंय. अनात्सुईच्या सगळ्या कामाचं मूळ मला त्या खापरात दिसतं, मोडलेल्या वस्तूला नवं काम द्यायचं आणि मोड झाकायची नाही.

पुढचा टप्पा लाकडाचा. १९८०ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कमिंग्टन नावाच्या ठिकाणी कलाकारांच्या वस्तीत तो काही काळ राहिला आणि तिथे त्याच्या हातात चेनसॉ आली, झाडं कापायची मशीन. छिन्नी-हातोडीने जे करायला आठवडा लागेल ते तासात व्हायला लागलं, पण त्याला वेगापेक्षा तिचा ओरखडा महत्त्वाचा वाटला, ती लाकूड कापत नाही, फाडत जाते. त्या फाडण्यात त्याला आफ्रिका दिसली, १८८४-८५ला बर्लिनमध्ये बसून युरोपवाल्यांनी नकाशावर रेघा मारून जी वाटून घेतली ती. मग वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या, शेजारी शेजारी, त्यावर चेनसॉचे चरे, आगीने काळे केलेले डाग, मधेच रंग. आणि या पट्ट्या सुट्ट्या! जो मांडेल त्याने क्रम बदलावा अशी त्याची मुभा होती. आठवा, अरुंद पट्ट्या कडेला कड. विणकराचा पोरगा मागावर बसला नाही पण पट्ट्या काही त्याच्या हातातून सुटल्या नाहीत.

१९९०ला व्हेनिस बिनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात, पाच आफ्रिकी कलाकारांच्या प्रदर्शनात तो होता आणि त्याला मानाचा उल्लेखही मिळाला. पण त्याने आयुष्य बदललं वगैरे काही झालं नाही, परत न्सुक्काला येऊन लेक्चर घ्यायला लागला. १९९६ला डेन्मार्कमध्ये असताना समुद्रात वाहून आलेली लाकडं गोळा करून माणसांचा एक जमाव उभा केला, डोकी जाळून काळी केलेली. डॅनिश जहाजांनी त्याच्याच किनाऱ्यावरून गुलाम नेले होते, आणि त्याच देशाच्या किनाऱ्यावरची लाटांनी झिजवलेली लाकडं त्याने माणसं म्हणून उभी केली. सामान त्या जागेचं आणि गोष्टही त्याच जागेची, याहून वेगळं काही समजावून सांगायची गरजच पडत नाही.

आता बुचं. १९९८च्या सुमारास न्सुक्काजवळ रस्त्याच्या कडेला झाडीत कुणीतरी टाकलेली एक पिशवी त्याला मिळाली, आत दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं. तो ती उचलून स्टुडिओत घेऊन आला आणि बरेच दिवस ती तशीच पडून होती, कारण तेव्हा तो दुधाच्या डब्यांची झाकणं आणि कसावा नावाचं कंद किसायच्या गंजक्या किसण्या जोडून बघत होता. म्हणजे पत्रा छेदायचा आणि तारेने शिवायचा ही पद्धत हातात आधीच आली होती, मग बुचांवर हात गेला. हा क्रम बघा, आधी टाका आला आणि मग कापड मिळालं.

बुचंच का, हे समजून घ्या. तिकडे दारूच्या बाटल्या परत भरायला जातात, बाटलीला किंमत आहे, झाकणाला नाही, ते उरतं. आणि ही बाटलीतली कडक दारू त्या किनाऱ्यावर युरोपी व्यापाऱ्यांनी आणली, माल म्हणून आणि माणसांच्या बदल्यात द्यायला म्हणूनही. आफ्रिकेतली माणसं पलीकडे अमेरिका-कॅरेबियनला ऊसमळ्यांवर, त्या उसाची साखर आणि रम, ती रम परत इकडे, असा तो फेरा. त्यामुळे तो सांगतो की या झाकणात तीन खंड एकमेकांना बांधलेले आहेत, आणि ते सांगायला त्याला भिंतीवर मजकूर लिहावा लागत नाही, झाकण स्वतःच ते घेऊन आलंय.

करायची पद्धत आता जरा जवळून सांगतो, कारण तुम्ही हाताने काम करणारे आहात. एका झाकणातून किमान तीन वेगळे आकार निघतात. वरची चकती, ती गोल ठेवता येते. बाजूची नळी, ती उभी चिरून चपटी केली की पट्टी होते, तीच घडी घातली तर चौकोन, पिळली तर दोरीसारखी. आणि तिसरी मानेवरची बारीक रिंग, जी झाकण उघडताना तुटून वेगळी होते, त्या रिंगा एकमेकींत गुंतवल्या की जाळी होते, पलीकडचं दिसणारी. त्याच्या मोठ्या जाळीदार भिंती आहेत ना, ज्यांना ग्ली हे त्याच्या एवे या मातृभाषेतलं नाव दिलंय, ग्ली म्हणजे भिंत, त्या या रिंगांच्या. तुकड्यांच्या कोपऱ्यांना भोक पाडायचं, तांब्याची तार ओवायची, पिळायची, पुढचा तुकडा. अशा पट्ट्या आणि ठोकळे न्सुक्कातली तरुण मुलं डझनांनी बसून करतात, मग अनात्सुई ते ठोकळे जमिनीवर मांडतो, फोटो काढतो, हलवतो, पुन्हा फोटो, आणि ठरलं की सगळं एकत्र शिवलं जातं. एकेका कामात हजारो झाकणं.

मी लंडनहून आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात हे करून बघितलं, नक्कल म्हणून नाही, हात काय सांगतो ते कळावं म्हणून. बारवाल्याकडून पोतंभर झाकणं आणली, धुतली, पत्र्याची कातर, पक्कड, दाभण आणि २४ गेजची तांब्याची तार. पहिल्या दिवशी निम्मे कोपरे फाटले. पत्रा एवढा पातळ असतो की भोक कडेच्या फार जवळ गेलं तर तार ओढताच कोपरा सुटतो, आणि फार आत गेलं तर दोन तुकडे एकमेकांवर चढतात, पडदा कडक होतो आणि वळत नाही. दाभण सरळ ठोकलं तर मागे काटा निघतो, तो तारेला कापतो, म्हणून खाली जाड रबर ठेवून दाबून भोक पाडायचं, ठोकायचं नाही. पिळा घट्ट केला तर कापड मरतं, सैल ठेवला तर पडतं, तो नेमका किती द्यायचा हे सांगता येत नाही, बोटांना कळतं. मी आणि माझा पोऱ्या दोघांनी दिवसभर बसून हातभर लांबीरुंदीचा तुकडा केला आणि बोटं कापून घेतली ती वेगळीच, तुम्ही कराल तर हातमोजे घाला. संध्याकाळी तो तुकडा उचलला आणि तो हातावर कापडासारखा ओघळला, पत्रा ओघळला हो! तो क्षण मी विसरणार नाही.

अजून एक, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि वर दमट हवा मिळाली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्युझियमच्या कोरड्या हवेत फार फरक पडत नाही, पण माझा तो तुकडा मी मुद्दाम अलिबागला मित्राच्या पडवीत टांगून ठेवला होता, दोन पावसाळ्यांनी भोकांच्या भोवती पांढरी भुकटी धरली. तुमच्या गावची हवा बघून तार निवडा.

पुढचा यशाचा भाग मी पटकन सांगतो कारण तो तुम्हाला कुठेही मिळेल. २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटिश म्युझियमने त्याची दोन वस्त्रं घेतली, पुरुषाचं आणि बाईचं. वेल्समधल्या एका गॅलरीतून निघालेलं त्याचं प्रदर्शन बरीच वर्षं फिरत राहिलं. २००७च्या व्हेनिस बिनालेत आर्सेनाले या जुन्या जहाजगोदीत दोन प्रचंड पडदे आणि शिवाय फोर्तुनी नावाच्या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर आणखी एक, तिथून सगळ्या जगाने नाव ऐकलं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्येही काम गेलं. तेव्हा तो ६३ वर्षांचा. २०१२ला लंडनच्या लिलावात एका कामाला पाच लाख पौंडांच्या वर किंमत आली. २०१३ला लंडनच्या रॉयल अकॅडमीची अख्खी दर्शनी भिंत झाकली. २०१५ला व्हेनिसचा जीवनगौरव, गोल्डन लायन, आणि २०१७ला जपानचा प्रेमियम इंपेरियाले पुरस्कार. २०१९ला म्युनिकला मोठं प्रदर्शन. २०२३च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये तीन भागांत काम, जुन्या वीजकेंद्राचा तो हॉल १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच, तिथे जहाजाच्या शिडासारखा लाल पडदा, मधे हवेत तरंगणारे माणसांसारखे आकार जे एका विशिष्ट जागेवरून बघितले की मिळून पृथ्वीचा गोल होतात, आणि टोकाला काळी भिंत. तेव्हा त्याचं वय ७९. आता तो न्सुक्का आणि घानातलं तेमा अशा दोन ठिकाणी काम करतो. लंडन-न्यूयॉर्कच्या गॅलऱ्या त्याचं काम दाखवतात, विकतात, पण तो तिकडे राहायला गेला नाही.

एवढ्या मोठ्या वस्तू तो पाठवतो कशा, हे विचारायला हवं, आणि इथे माझ्या मते त्याची खरी हुशारी आहे. घडी घालून. चादरीसारखी घडी, पेटीत, आणि निघाली. आणि तिकडे पोहोचल्यावर कशी टांगायची याचा नकाशा तो देत नाही, जे लावतात त्यांनी ठरवायचं, घड्या कुठे, उंची किती. त्यामुळे एकच काम दोन शहरांत दोन वेगळी रूपं घेतं. शिल्प म्हणजे अचल, पक्कं, जसं केलं तसंच राहायला हवं ही आपली कॉलेजातली समजूत, ती त्याने लाकडाच्या सुट्ट्या पट्ट्यांपासूनच सोडून दिली होती.

मला याची किंमत कळली ती नुकसान होऊन. करिअरच्या चौथ्या वर्षी एका कारखान्याच्या गेटसाठी मी गिअर, बेअरिंग, चेनचा बैल केला होता, चारशे किलोच्या आसपास. त्यातले दोन-तीन मोठे गिअर बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, होते आणि मी ते साध्या रॉडने जोडले. बीड असं जुळत नाही, ते आधी तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो आणि नंतर राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड होऊ द्यावं लागतं, नाहीतर सांध्याच्या शेजारी केसाएवढी चीर पडते, ती वरून दिसतही नाही. माझी पडली. क्रेनने उचलला तेव्हा पुढचा पाय खांद्यातून सुटला, खाली कुणी नव्हतं ही देवाची कृपा. पैसे परत द्यावे लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचं वर्षभर मला जड काम घ्यायची भीती वाटायची. त्यानंतर मी ठरवलं की नवा माल शेडमध्ये आला की आधी त्याचा सांधा शिकायचा, आकाराचा विचार मग. भंगारातल्या शिल्पकाराचं खरं कसब तिथेच असतं. माती असो, दगड असो, त्याला एकच स्वभाव असतो, आपल्या ढिगाऱ्यात मात्र दहा धातू, दहा जाड्या, दहा इतिहास असतात आणि त्यांना एकमेकांशी राहायला लावायचं असतं.

तुम्ही पाठवलेले फोटो बघितले. मोर, घुबड, गिटार वाजवणारा माणूस. हात चांगला आहे, खोटं सांगत नाही, घुबडाचे डोळे कुलपांचे केलेत ते मला आवडले. पण एक मनापासून विचारतो, स्पॅनरची चोच का? चोचीसारखा दिसतो म्हणूनच ना? भंगारकामात आपण सगळे पहिली दहा वर्षं हेच करतो, वस्तू कशासारखी दिसते ते बघतो. अनात्सुई वस्तू कुठून आली ते बघतो. झाकण कशासारखं दिसतं असं विचारलं असतं तर त्याने माशाचे खवले केले असते, किनाऱ्यावरचाच माणूस तो, आणि काम तिथेच संपलं असतं.

म्हणूनच कुणी त्याच्या कामाला रिसायकलिंग म्हणालं तर तो ते मान्य करत नाही, माझंही तेच मत आहे. रिसायकल म्हणजे बाटली वितळवून पुन्हा बाटली. आपल्याकडे आता टाकाऊतून टिकाऊ हे शब्द शाळेपासून इतके वापरलेत की महापालिकेच्या चौकातला टायरचा हत्ती आणि अनात्सुई एकाच ओळीत बसवले जातात. टायरच्या हत्तीबद्दल मला राग नाही, त्यावर माझ्या ओळखीच्या दोन वेल्डरांची घरं चालतात. पण चंदीगडचे नेक चंद आठवा, रस्त्यांच्या खात्यात इन्स्पेक्टर, जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे, पाडलेल्या घरांचा राडारोडा गोळा करून वर्षानुवर्षं आपलं राज्य उभं करत होते, १९७६ला ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. चंदीगड शहर वसवायला जी गावं पाडली त्यांचा तो मलबा होता, म्हणून त्या बाहुल्या बघताना पोटात काहीतरी हलतं. तोच मलबा दुसऱ्या गावाहून ट्रकने मागवला असता तर हललं नसतं.

तर तुम्ही कुठले? प्रश्नात इचलकरंजी लिहिलंय. मग तुम्ही कुलपं कशाला विकत आणताय! तुमच्या गावात साधे माग भंगारात जातायत, वर्षानुवर्षं गल्लीत खडखडाट ऐकून मोठे झालेले लोक तुम्ही, आडवा धागा नेणारे धोटे, फण्या, कांड्या, झिजलेले लाकडी भाग किलोवर जातात. ज्या धोट्याला कुणाच्या तरी तळहाताने पॉलिश चढलंय तो हातात घेऊन बघा, आणि त्याचा पक्षी करू नका एवढंच सांगेन. महिनाभर टेबलावर ठेवा, त्याने पिशवी तशीच पडू दिली होती ना. तुमच्या आईच्या किंवा आजीच्या हातची गोधडी घरात असेल तर तीही उलटी करून मागची बाजू बघा, टाके कसे चाललेत, नवा तुकडा कुठे आणि का आलाय. आपल्या शेजारी उत्तर कर्नाटकात सिद्दी बायका गोधड्या शिवतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतूनच आलेले, त्या बघायला मिळाल्या तर जरूर बघा, जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून आत आत लावत नेतात.

नोकरीचं. सोडू नका, निदान आत्ता नाही. अनात्सुईने शिकवण्याची नोकरी चाळीस वर्षांच्या वर केली, १९६९ पासून धरा. पगार होता म्हणून त्याला ताटल्या, मडकी, लाकूड, किसण्या असे टप्पे घेता आले, कुठलंही काम विकलं जाईल का असा विचार करून करावं लागलं नाही. मी नोकरी केली नाही, त्यामुळे सुरुवातीची आठ वर्षं मी गिऱ्हाइकाला हवे ते मोर आणि बैल केले, ते पैसे मला लागत होते, आणि त्या आठ वर्षांत माझं स्वतःचं म्हणावं असं एकही काम झालं नाही. शिवाय शाळेत तुमच्याकडे मुलं आहेत. त्याच्या पडद्यांमागे किती हात आहेत ते सांगितलंच, आणि ते हात त्याच गावातले आहेत, पैसे घेऊन काम करणारे. मुलांकडून फुकट काम करून घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण टाका घालायला शिकवता शिकवता स्वतःचा टाका सुधारतो हे मी माझ्या पोऱ्यांकडून अनुभवलंय.

जागेचं बघा मात्र. घरात ग्राइंडर चालवू नका, शेजारी कुणाच्या पत्र्याच्या शेडचा कोपरा भाड्याने मिळाला तरी पुरे. आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना आधी तो मुलामा घासून काढा, दारं उघडी ठेवा, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, मला दोनदा आलाय. धोटे मिळाले की फोटो पाठवा, लाकडाला लोखंडी टोक जिथे बसवलेलं असतं त्या सांध्याचा फोटो आधी काढा, जवळून.